जुन्या वास्तूला नवे आयुष्य

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पूर्वी एखादे जुने घर उतरवावयाचे ठरले, म्हणजे त्या कामाची सुरुवात कुदळीने होत नसे. ती सुताराच्या हाताने होत असे. प्रथम छपरावरची कौले एकेक करून खाली येत आणि अंगणात ओळीने रचली जात. मग रिपा, वासे आणि आढे उतरत. खांबांवर आणि तुळयांवर सुतार खुणा करून ठेवी, म्हणजे कोणता खांब कोणत्या तुळईखाली होता, हे नव्या जागी सहज ध्यानात येई. दारांच्या चौकटी, खिडक्यांचे गज, बिजागऱ्या, कड्या आणि कोयंडे जपून बाजूला काढले जात. इतकेच काय, पण वाकलेले खिळेसुद्धा ठोकून सरळ केले जात. जोत्याचे घडीव चिरे नव्या जोत्याला लागत. भिंतींची माती पुन्हा भिजवून तुडवीत आणि तिच्याच नव्या भिंती उभ्या राहत. टाकून देण्याजोगे असे फारच थोडे उरे.

यात केवळ काटकसर नव्हती. वस्तूच्या मोलाची जाण होती. सागाचे झाड तुळईजोगे होण्यास कित्येक दशके लागतात. ते तोडणे, रानातून ओढून आणणे, तासणे, त्याला घाट देणे यांत अनेकांचे श्रम खर्ची पडलेले असतात. सागाच्या लाकडात मूळचेच तेल असल्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. अशी तुळई एका घरापुरती वापरून जाळून टाकणे हा शुद्ध वेडेपणाच ठरला असता. म्हणून एकाच तुळईने आजोबांचे, वडिलांचे आणि नातवाचे अशी तीन घरे आपल्या खांद्यावर पेलली, असे सहज घडे. आजही जुन्या वाड्यांतील सागवानी खांबांना आणि दारांना बाजारात चांगले मोल येते.

या रीतीला त्या काळी काही विशेष नाव नव्हते. आज मात्र जगभरचे स्थापत्यविशारद आणि अर्थशास्त्रज्ञ त्याच विचाराकडे नव्याने वळले आहेत, आणि त्यांनी त्याला नाव दिले आहे ‘चक्रीय अर्थव्यवस्था’.

हे नाव मोठे असले, तरी त्यामागील कल्पना सोपी आहे. गेली सुमारे दोन शतके मनुष्याचे बहुतेक व्यवहार एका सरळ रेषेत चालत आले आहेत. खाणीतून दगड, धातू आणि कोळसा काढावयाचा. कारखान्यात त्यांच्या वस्तू बनवावयाच्या. त्या वापरावयाच्या आणि जुन्या झाल्या की फेकून द्यावयाच्या. या रेषेच्या एका टोकाला खाण रिकामी होत जाते आणि दुसऱ्या टोकाला कचऱ्याचा डोंगर वाढत जातो. निसर्गाचा व्यवहार असा नाही. झाडाचे पान गळते, त्याचे खत होते आणि ते खत मुळांवाटे पुन्हा नव्या पानात जाते. तेथे रेषा नाही, चक्र आहे. मनुष्याने बनविलेल्या वस्तूही शक्य तितक्या अशाच चक्रात फिरत्या ठेवाव्यात, हे चक्रीय अर्थव्यवस्थेचे सार होय.

मात्र या चक्रालाही एक क्रम आहे आणि तो ध्यानात घेणे अगत्याचे आहे. एक सागवानी दार घ्या. ते दुरुस्त करून त्याच चौकटीत वापरले, तर झाडाचे मोल राहिले आणि सुताराचे कसबही राहिले. ते दुसऱ्या घराला लावले, तरी फारसे काही गेले नाही. ते कापून त्याच्या फळ्या केल्या, तर लाकूड राहिले, पण दार घडविण्याचे श्रम वाया गेले. आणि तेच चुलीत घातले, तर हाती केवळ राख आली. म्हणून आहे ती वस्तू जागच्या जागी टिकविणे सर्वांत उत्तम. त्यानंतर तिची दुरुस्ती. त्यानंतर तिच्या भागांचा अन्यत्र वापर. आणि वितळविणे किंवा कुटून चुरा करणे हे अगदी शेवटचे. प्रत्येक पायरी उतरताना काही ना काही गमवावे लागते.

हा विचार इमारतींच्या बाबतीत इतका महत्त्वाचा का मानला जातो? एखादी साधी भिंत पाहिली असता ती निश्चल आणि निरुपद्रवी दिसते. परंतु तिच्या पोटात केवढी आग दडलेली असते! तिची प्रत्येक वीट भट्टीत भाजून निघालेली असते. तिच्यातील सिमेंट बनविण्यासाठी चुनखडी आणि माती सुमारे १,४५० अंश सेल्सियस तापमानाला भाजावी लागते. पोलादासाठी तर याहूनही प्रखर उष्णता लागते. या भट्ट्यांत कोळसा जळतो. शिवाय चुनखडी तापली म्हणजे तिच्यातूनही कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हा वायू वातावरणात साचत गेल्याने पृथ्वीचे तापमान वाढत आहे. मनुष्याच्या उद्योगांमुळे जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यातील सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून येतो. उभी इमारत पाडणे म्हणजे हा सारा खर्च धुळीस मिळविणे; आणि त्या जागी नवी उभारणे म्हणजे तोच खर्च पुन्हा करणे.

जुन्या भिंती सुट्या करता येत आणि आजच्या भिंती सहसा येत नाहीत, याचेही एक कारण आहे. जुने गवंडी विटा चुन्यात बसवीत. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातले की तो खदखदून फुटतो आणि विरी जातो. हा विरी गेलेला चुना वाळूबरोबर घाणीत दळीत. बैल घाणीभोवती फिरत आणि दगडी चाकाखाली चुना मऊ होई. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. दगडापासून निघालेला चुना अखेर दगडच होतो. हेही एक चक्रच आहे. परंतु हा चुना विटेपेक्षा मऊ असतो. त्यामुळे बेताने ठोकले असता तो सुटतो आणि वीट अखंड राहते. सिमेंट मात्र बहुधा विटेहून कठीण असते. ते ओढू गेल्यास सांधा सुटत नाही, वीटच फुटते. सिमेंटने बांधकाम झपाट्याने होऊ लागले आणि मजबूतही झाले, यात शंका नाही. पण भिंत पुन्हा उकलण्याची सोय मात्र गेली.

येथे एक रास्त शंका उद्भवते. जुन्या इमारतींत दोष असतात. कित्येक इमारती उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापतात, थंडीत गारठतात आणि त्यांना थंड किंवा उबदार ठेवण्यासाठी रोज वीज व इंधन जाळावे लागते. मग अशा इमारती ठेवून फायदा कोणता? या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने दिले आहे.

तेथील एम्पायर स्टेट बिल्डिंग ही १०२ मजल्यांची इमारत १९३१ साली पूर्ण झाली. अवघ्या ४१० दिवसांत ती उभी राहिली. तिच्यात ५०,००० टनांहून अधिक पोलाद आणि सुमारे १ कोटी विटा आहेत. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे जगात तिच्याहून उंच इमारत नव्हती. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस ती जुनी झाली होती. खिडक्यांतून उन्हाळ्यात उष्णता आत येई आणि हिवाळ्यात ऊब बाहेर जाई. ती थंड राखणारी यंत्रेही थकली होती. २००९ साली तिच्या नूतनीकरणाचे काम सुरू झाले.

या इमारतीला ६,५१४ खिडक्या आहेत. जुन्या खिडक्या काढून टाकाव्यात आणि नव्या बसवाव्यात, हा सरळ रेषेचा मार्ग होता. पण तसे केले असते, तर हजारो धडधाकट काचा कचऱ्यात गेल्या असत्या, आणि तितक्याच नव्या काचा भट्टीत वितळवून, गाड्यांतून वाहून आणाव्या लागल्या असत्या. कामाची आखणी करणाऱ्यांनी दुसराच मार्ग निवडला. त्यांनी इमारतीच्या पाचव्या मजल्यावर एक लहानसा कारखानाच थाटला. एकेक खिडकी जागेवरून काढून या कारखान्यात आणली जाई. प्रत्येक खिडकीला दोन काचा होत्या. त्या वेगळ्या करून स्वच्छ धूत आणि त्यांच्या मधल्या पोकळीत एक अतिशय पातळ, पारदर्शक पटल ताणून बसवीत. हे पटल प्रकाशाला वाट देते, पण उष्णतेला मागे परतविते. मग पोकळीत हवेऐवजी, उष्णता कमी वाहून नेणारा वायू भरीत आणि कडा पक्क्या बंद करून खिडकी पुन्हा जागेवर बसवीत. २०१० साली हे काम पूर्ण झाले, तेव्हा जुन्या काचेपैकी सुमारे ९६ टक्के काच पुन्हा उपयोगात आली होती. काच तीच राहिली. तिची उष्णता अडविण्याची शक्ती मात्र कित्येक पटींनी वाढली.

याच जोडीला आणखी एक साधा उपाय योजला गेला. न्यूयॉर्कला हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते आणि खोल्या उबदार ठेवण्यासाठी खिडक्यांखाली वाफेने तापणारी लोखंडी उपकरणे बसविलेली असतात. त्यांची बरीचशी उष्णता मागच्या भिंतीत शिरून बाहेर जात असे. कारागिरांनी प्रत्येक उपकरणामागे उष्णता परतविणारा एक पडदा बसविला. आता तीच ऊब खोलीत राहू लागली.

या कामाची खरी गोम पुढे आहे. पूर्वीचा बेत असा होता की, थंडाव्याची जुनी यंत्रे काढावीत आणि अधिक मोठी आणावीत. परंतु खिडक्या सुधारल्यामुळे आणि दिवे व यंत्रणा यांत योग्य ते बदल केल्यामुळे थंडाव्याची सर्वाधिक गरजच सुमारे एक-तृतीयांशाने कमी होणार होती. मग मोठी यंत्रे हवीत कशाला? जुन्याच यंत्रांची बाहेरची भक्कम कवचे ठेवण्यात आली आणि आतले भाग तेवढे नवे घालण्यात आले. घागर गळत असेल, तर मोठी घागर विकत घेणे हा उपाय नव्हे. आधी भोक बुजवावे, हे व्यवहारज्ञान तेथे कामी आले. या सर्व योजनेमुळे इमारतीला लागणारी ऊर्जा ३८ टक्क्यांनी कमी होईल, असा अंदाज तिच्या कर्त्यांनी बांधला होता. जुनी इमारत म्हणजे खर्चाची खाईच, हा समज या कामाने खोटा ठरविला.

एम्पायर स्टेट बिल्डिंग जगप्रसिद्ध आहे. तिला जपावे, असे कोणालाही वाटेल. पण ज्या इमारतींना ना सौंदर्य, ना कीर्ती, त्यांचे काय? अशा इमारतींतच तर लाखो साधी माणसे राहतात. फ्रान्सची राजधानी पॅरिस हिच्या उत्तर सीमेवर १९६० च्या सुमारास कामकरी कुटुंबांसाठी बांधलेला एक उंच मनोरा होता. त्याला १६ मजले होते आणि त्यात ९६ बिऱ्हाडे राहत होती. खिडक्या लहान, खोल्यांत उजेड कमी आणि थंडी अधिक, अशी त्याची अवस्था झाली होती. तो पाडून टाकावा, असा विचार चालला होता. घर पाडले जाते, तेव्हा केवळ भिंती कोसळत नाहीत. वर्षानुवर्षांचा शेजार मोडतो, मुलांची शाळा सुटते, म्हाताऱ्या माणसांचा आधार तुटतो. याची मोजदाद कोणत्याही हिशेबाच्या वहीत होत नाही.

ॲन लाकातों, त्यांचे सहकारी जाँ-फिलिप वासाल आणि फ्रेडेरिक द्रुओ या स्थापत्यविशारदांनी निराळा मार्ग सुचविला. मनोऱ्याचा सांगाडा मजबूत होता. तेव्हा त्यांनी बाहेरची जुनी भिंत तेवढी काढली आणि प्रत्येक मजल्याला बाहेरून एक नवा भाग जोडला. हे भाग कारखान्यात तयार करून आणले होते आणि ते स्वतःच्या पायावर उभे राहणारे होते. त्यामुळे जुन्या सांगाड्यावर त्यांचा भार पडला नाही. प्रत्येक घराला काचेची एक ओसरी आणि तिच्यापुढे सज्जा मिळाला. ही ओसरी नुसती शोभेची नाही. कोकणातील घरांची पडवी जशी ऊन आणि पाऊस बाहेरच अडवून माजघर सुखाचे राखते, तशीच ही ओसरी थंडीला बाहेर थोपविते आणि उन्हाची ऊब धरून ठेवते. घर उबदार ठेवण्यासाठी लागणारी ऊर्जा निम्म्याहून कमी झाली. २०११ साली काम पूर्ण झाले, आणि या सर्व काळात रहिवासी त्याच इमारतीत राहत होते. कोणाचेही बिऱ्हाड रस्त्यावर आले नाही.

पुढे याच पद्धतीने फ्रान्समधील बोर्दो या शहरी तीन मोठ्या इमारतींतील ५३० घरांचे रूप पालटण्यात आले. तेथे प्रत्येक घराला ३.८ मीटर रुंदीची नवी जागा मिळाली. या कामाला २०१९ साली युरोपीय संघाचा वास्तुकलेचा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि २०२१ साली लाकातों व वासाल यांना वास्तुकलेतील जगप्रसिद्ध प्रिट्झकर पारितोषिक देण्यात आले. टोलेजंग नव्या इमारती उभारणाऱ्यांचा गौरव जग नेहमीच करते. येथे साधी जुनी घरे न पाडणाऱ्यांचाही गौरव झाला, ही लक्षणीय गोष्ट होय.

तथापि, प्रत्येक जुनी इमारत राखलीच पाहिजे, असा याचा अर्थ नव्हे. कित्येक इमारतींतील लोखंड गंजून फुगलेले असते आणि त्याने काँक्रीटला तडे गेलेले असतात. काहींचा पाया खचलेला असतो. मुंबईसारख्या शहरात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करावी लागते. माणसाच्या जिवापेक्षा कोणतीही वीट मोलाची नाही. म्हणून जाणकारांकडून आधी इमारतीची नीट तपासणी करून घ्यावी, आणि ती सुरक्षित राहू शकते की नाही, हे पाहूनच निर्णय घ्यावा. जुन्या बांधकामात ॲस्बेस्टॉससारखे आरोग्यास घातक पदार्थही आढळतात. त्यांना चक्रात फिरत ठेवणे योग्य नव्हे. ते तज्ज्ञांनी काळजीपूर्वक काढून कायमचे दूर केले पाहिजेत.

आणि इमारत उतरवणेच भाग पडले, तरीही ती कशी उतरवावी, हा प्रश्न राहतोच. यंत्राचा लोखंडी गोळा आदळून काही दिवसांत तिचा ढिगारा करता येतो. मग दारे, फरशा, नळ, तारा आणि विटा यांचा एकच राडारोडा होतो. तो कोठे टाकावयाचा? पुष्कळदा तो खाडीच्या काठी, ओढ्यांत आणि तळ्यांत चोरून टाकला जातो. त्याने पाण्याच्या वाटा बुजतात आणि पावसाळ्यात वस्त्यांत पाणी शिरते. याउलट, वरून खाली क्रमाक्रमाने एकेक भाग सुटा केला, तर दारे दारे म्हणून, फरशा फरशा म्हणून आणि तुळया तुळया म्हणून दुसरीकडे जातात. उरलेल्या काँक्रीटचाही चुरा करून त्याची खडी बनविता येते. दिल्लीतील बुराडी येथे २००९ साली असा राडारोडा दळून त्यापासून खडी, वाळू आणि पदपथाचे ठोकळे बनविण्याचा कारखाना सुरू झाला. २०१६ साली भारत सरकारने बांधकामाच्या राडारोड्याविषयी स्वतंत्र नियमही केले. तरीही हा उपाय क्रमातील शेवटचाच, हे विसरता कामा नये. कारण खडी झालेल्या खांबाचा पुन्हा खांब होत नाही.

इमारत जपून उतरवण्यास वेळ अधिक लागतो आणि हातही अधिक लागतात. त्यामुळे काम महाग पडते, अशी तक्रार ऐकू येते. ती अगदीच खोटी नाही. परंतु या जादा खर्चाचा पैसा भट्टीतील कोळशाकडे न जाता सुतार, गवंडी आणि लोहार यांच्याकडे जातो, हेही पाहिले पाहिजे. या कामाला बळापेक्षा नजर अधिक लागते. कोणते लाकूड आतून पोकळ आहे, कोणती वीट खणखणीत वाजते, कोणता सांधा कोणत्या बाजूने सुटेल, हे पुस्तक वाचून कळत नाही; ते हाताला कळते. असे जाणते हात कमी झाले, तर चक्र फिरविणार कोण?

म्हणूनच आता नव्या इमारतींची आखणी करतानाच तिच्या शेवटाचाही विचार करावा, असे तज्ज्ञ सांगू लागले आहेत. भाग एकमेकांना कायमचे चिकटविण्याऐवजी खिळ-बोल्टांनी जोडावेत, म्हणजे ते पुन्हा सुटे करता येतील. नळ आणि तारा भिंतीत गाडून न टाकता हाताशी येतील अशा ठेवाव्यात, म्हणजे त्या बदलण्यासाठी भिंत फोडावी लागणार नाही. इमारतीत कोणता पदार्थ कोठे वापरला आहे, याची नोंद जपून ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीला ती इमारत कचऱ्याचा ढीग न वाटता भरलेले कोठार वाटेल.

जुने म्हणजे टाकाऊ आणि नवे म्हणजे उत्तम, असे समजण्याची घाई सहसा महागात पडते. जे हाती आहे, ते आधी नीट पारखावे. त्यात काय चांगले आहे ते ओळखावे. जे बिघडले आहे तेवढेच सुधारावे. आणि जे अगदीच निरुपयोगी ठरेल, त्याचाच निरोप घ्यावा. पृथ्वीच्या पोटातील दगड, धातू आणि कोळसा हे एका पिढीचे धन नव्हे. मागच्या पिढ्यांनी त्यांतून उभारलेली घरे ही पुढच्या पिढ्यांची ठेव आहे. ठेव सांभाळणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि ती वाढवून पुढे देणे यात खरे कर्तृत्व आहे.